देल्फिनाच्या अंगणातला तांबडा पाहुणा

देल्फिना गेली त्या दिवशी तिच्या खोलीत काय निघावं? दोन घागरे, एक शाल, नवऱ्याची टोपी आणि साखरेचं भरलेलं पोतं. शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण ही बाई वर्षानुवर्षं कडू कॉफी प्यायली हे आमच्या माठांच्या गल्लीत साऱ्यांना ठाऊक होतं. एकीनं मला हळूच विचारलं, "तोमासा, ही एवढी साखर कुणासाठी गं?" मी म्हटलं, "पाखरांसाठी. आता तोंड मिटा आणि मेणबत्त्या लावा." माझी जीभ अशीच आहे. देल्फिना म्हणायची, देवानं तोमासाची जीभ घडवली तेव्हा त्याच्या हातून मिरची सांडली.

तिची गोष्ट मीच सांगायला हवी. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिला वेडी ठरवतील, आणि ती वेडी नव्हती. जो काही वेडेपणा झाला तो माझ्यामुळे झाला.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. माझ्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला त्याला मांडीवर घेऊन बसली ती देल्फिना, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणायचो. भांडायचोही तितक्याच हक्कानं. ती पहाटे बस थांब्यावर मक्याच्या पानात उकडलेले तिकोनी कोरुंदे विकायची. माझं दुकान चर्चच्या मागच्या बाजारात. जडीबुटी, धूप, मेणबत्त्या, दृष्ट काढायचं सामान, आणि एका पत्र्याच्या पेटीत वाळवलेले चुपारोसे.

चुपारोसा म्हणजे अंगठ्याएवढं पाखरू. फुलासमोर हवेत जागच्या जागी थांबतं आणि सुईसारख्या चोचीनं आतला रस ओढतं. आमच्याकडे नवरा फिरला, प्रियकर रुसला की बायका मेलेला चुपारोसा लाल रेशमी दोऱ्यात गुंडाळून, पिशवीत घालून छातीशी बांधतात. तो जसा फुलाकडे ओढला जातो तसा माणूस ओढला जातो म्हणे. डोंगरावरचे फासेपारधी मला पाखरं आणून द्यायचे, मी वाळवायचे, दोरा गुंडाळायचे, प्रार्थना पुटपुटायचे. माझी आईही हेच करायची. त्यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलंच नाही.

देल्फिनाला वाटायचं. कारण तिच्या अंगणात हेच पाखरू पाहुणा म्हणून यायचं.

त्याचं असं झालं, तिचा नवरा एर्मिलो सीमेपलीकडे उत्तरेला सफरचंदांच्या बागांत कामाला निघाला तो मार्च महिना होता. अंगणात त्यानंच लावलेलं मिर्तोचं झुडूप लाल फुलांनी भरलेलं होतं. बाकीचे चुपारोसे आमच्याकडे बारा महिने असतात, हिरवेगार. पण एक तांबडा, गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचा, ऑक्टोबरात यायचा आणि मार्चमध्ये उत्तरेला जायचा. एर्मिलो पिशवी खांद्याला लावून म्हणाला, "हा बघ, हाही माझ्याच वाटेनं चाललाय. ऑक्टोबरात हा आला की समज, मी मागोमाग आहे." मी कुंपणावरून ऐकत होते. मी म्हटलं, "पाखराचा भरवसा देता कोमाद्रेला? स्वतःचा द्या की!" तो हसला. ती हसली नाही.

ऑक्टोबरात तांबडा आला. एर्मिलो आला नाही.

पहिली तीन वर्षं पत्रं आली, मग कोपऱ्यावरच्या दुकानात फोन यायचा, मग तोही बंद झाला. देल्फिनानं मात्र त्या तांबड्याला धरून ठेवलं. औषधाच्या बाटल्या धुऊन उलट्या टांगायची, तोंडाशी लाल प्लास्टिकचं फूल बसवायची. चार वाट्या पाणी, एक वाटी पांढरी साखर, एक उकळी, मग झाकून गार. गूळ नाही, मध नाही. मधानं त्यांच्या जिभेला बुरशी धरते, हे ती एक पाखरू गमावून शिकलेली. मुंग्या उतरू नयेत म्हणून दोरीच्या मध्यावर पाण्यानं भरलेलं बाटलीचं झाकण. उन्हाळ्यात रोज बाटली बदलायची. स्वतःची अंघोळ चुकेल, पण बाटली चुकायची नाही.

तांबडा होता मोठा भांडखोर. कपड्यांच्या तारेवर बसून पाचही बाटल्यांवर पहारा करायचा आणि हिरव्यांना हुसकून लावायचा. "तुझ्यावर गेलाय," देल्फिना मला म्हणायची. शेवटची सलग सहा वर्षं तोच यायचा, असं तिचं म्हणणं. मी म्हणायचे, "तोच कशावरून? त्याचा चुलतभाऊ असेल." ती म्हणायची, "शेपटीचं एक पीस तुटकं आहे, दिसत नाही का? आणि ऐक ना, त्याचे पंख वाजतात. हिरव्यांचे नुसते घुमतात, याचे बारीक घुंगरासारखे वाजतात." मला काही ऐकू यायचं नाही. चाळीस वर्षं बाजारात ओरडून माझे कान कामातून गेलेत.

तो तिच्या बोटावर बसून प्यायचा. जानेवारीत आमच्याकडे छपरावरचं दंव गोठतं. अशा सकाळी तो तारेवर दगडासारखा गारठून बसलेला असायचा, डोळे मिटून, श्वास चालतो की नाही कळायचं नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, "गेला गं बाई!" तिनं त्याला अलगद सोडवून ओंजळीत घेतलं, तोंडाची वाफ दिली, बोटावर साखरपाण्याचा थेंब धरला. पाच मिनिटांत महाराज भुर्र. दरवर्षी कडाक्याच्या थंडीत तिचं हेच चाललेलं असायचं.

एकदा ती भर बाजारात माझ्या दुकानासमोर उभी राहिली आणि पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, "मढी विकतेस, मढी! लाज नाही वाटत?" गिऱ्हाइकं थबकली. माझाही पारा चढला. मी म्हटलं, "मी निदान मढ्याला मढं म्हणते. तू मेलेल्या संसाराला साखरपाणी पाजत बसलीयेस!" बोलून गेले. तिचा चेहरा पडला आणि ती टोपली उचलून चालती झाली. दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही.

एर्मिलोला जाऊन अकरा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. डिसेंबरच्या जत्रेला चोन नावाचा गल्लीतला एक जण उत्तरेहून आला. त्यानं देल्फिनाला सांगितलं, "काकू, एर्मिलोकाका उन्हाळ्यात भेटले होते. खोकतात फार. दुसरा घरोबा वगैरे काही नाही. जीव इथंच आहे त्यांचा, पण इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडानं यायचं म्हणतात."

झालं! मेलाय असं ऐकलं असतं तर ती रडून मोकळी झाली असती. जिवंत आहे, एकटा आहे आणि नुसत्या लाजेपायी येत नाही, हे ऐकून तिची झोप उडाली. जानेवारीत एका दुपारी ती माझ्या दुकानात आली आणि स्टुलावर बसली.

"कोमाद्रे, मला एक चुपारोसा बांधून दे."

मी हातातली जुडी खाली ठेवली. "तुला? मढं?"

"बोल काय बोलायचं ते. पण बांधून दे."

आता इथं मी काय करायला हवं होतं? पेटीतला एक काढून द्यायचा, नाहीतर सरळ सांगायचं, बाई गं, यानं काही होत नसतं, माझा स्वतःचा नवरा असले तीन बांधूनही पळालाच. पण तिच्या त्या भर बाजारातल्या शब्दांचा काटा अजून माझ्या मनात होता. खरं सांगते, मला तिचा नकार ऐकायचा होता. ती म्हणेल, नाही, एवढं मला जमायचं नाही, आणि मान खाली घालून उठून जाईल. तेवढंच मला हवं होतं. म्हणून मी गंभीर तोंड करून म्हटलं, "पेटीतला चालायचा नाही. इतक्या वर्षांचा गेलेला माणूस परत आणायचा तर पाखरू त्याच्याच अंगणातलं हवं. तुझ्या हातून प्यायलेलं. आणि तुझ्याच हातानं गेलेलं."

असा काही नियम नाही. कधीच नव्हता. मी तो तिथल्या तिथे रचला.

तिनं शाल डोक्यावरून ओढून घेतली. मग उठून गेली. मला बरं वाटलं. देवा, मला तेव्हा बरं वाटलं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडत होते तोच ती आली. शालीतून रुमाल काढला, फळीवर ठेवून उलगडला. शेपटीचं पीस तुटकं होतं.

"झोपेत होता," ती म्हणाली. "गारठलेला. मी रोजच्यासारखा ओंजळीत घेतला. त्याला वाटलं असेल ऊब द्यायला घेतलं. डोळेसुद्धा उघडले नाहीत त्यानं."

 काय बोलणार? नियम खोटा होता म्हणून सांगू? आता? मी पाखरू उचललं. वाळवायलाही वेळ दिला नाही तिनं, म्हणून धुपाची राख भरली, लाल दोरा गुंडाळला आणि पिशवीत घातलं. प्रार्थना दोनदा चुकली. ती पिशवी गळ्यात बांधून निघून गेली. त्या दिवशी तिनं अंगणातल्या पाचही बाटल्या उतरवल्या.

आणि वीस दिवसांनी एर्मिलो आला की हो!

पहाटेची बस, थांब्यावर धुकं. एक वाळकुडा म्हातारा टोपलीपाशी आला आणि म्हणाला, "दोन दे, चटणी जास्त घाल." आवाजावरून तिनं ओळखलं. रडली नाही, ओरडली नाही. कोरुंदे पानात बांधून त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "गार होतील, खाऊन घे आधी." तो तिथंच पायरीवर बसून खायला लागला आणि ती शेजारी उभी राहून दुसऱ्या गिऱ्हाइकांना वाढत राहिली.

गावभर बोभाटा झाला. देल्फिनाच्या चुपारोशानं अकरा वर्षांपूर्वी गेलेला माणूस ओढून आणला! माझ्या दुकानासमोर बायकांची रांग. पारध्यांना दिवसाला पाच-पाच पाखरं पुरेनात. आणि मी विकली. मी कुणी संत नाही. वाटलं, कुणी सांगावं, असेलही खरं. माझ्या तोंडून निघालेला नियम देवानंच बोलवून घेतला असेल. असं मानलं की मला रात्री झोप लागायची.

फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाला देल्फिनानं मला जेवायला बोलावलं. एर्मिलो अंगणात खुर्ची टाकून बसला होता, अंगावर घोंगडी, छातीत खरखर. मिर्तो फुललेलं. एक हिरवा येऊन घुटमळून गेला.

"बाटल्या कुठं गेल्या गं?" त्यानं विचारलं. "आणि पाहुणा? पाहुणा दिसला नाही अजून."

देल्फिना कॉफी ओतत होती.  मी माझ्या ताटात बघत बसले.

"तिकडे बागेच्या मालकिणीनं पण अशाच बाटल्या टांगलेल्या," तो आपल्याच नादात सांगत होता. "उन्हाळाभर तांबडे यायचे. जुलै संपता संपता निघून जायचे. मी दरवर्षी बघायचो आणि मान फिरवायचो, इतकी शरम वाटायची. यंदा मात्र शेवटचा तांबडा उडाला ना, त्याच दिवशी मुकादमाला सांगितलं, मी पण चाललो. पाखराला जमतं, मला जमत नाही म्हणजे काय! सीमेपर्यंत आलो, भाड्यापुरतं वीटभट्टीवर राबलो. खोकल्यानं मध्येच लोळवलं, नाहीतर ऑक्टोबरातच पोचलो असतो. पण वाटेला लागलो होतो जुलैपासून." तो हसला, खोकला. "शब्द दिला होता ना तुला. उशीर झाला एवढंच."

जुलैपासून. म्हणजे मी राख भरत होते, दोरा गुंडाळत होते, तेव्हा हा माणूस केव्हाचा घराकडे निघालेला होता. कुणी ओढायची गरजच नव्हती. मी मान वर करून देल्फिनाकडे बघितलं. कॉफी कपातून वाहून बशीत, बशीतून मेजावर सांडत होती आणि ती ओततच होती.

"अगं, सांडतंय," एर्मिलो म्हणाला.

"यंदा आला नाही तो," ती म्हणाली.

"येईल. तो शब्दाचा पक्का आहे, माझ्यासारखा नाही. टांग बघू बाटल्या."

तिनं बाटल्या टांगल्या. एर्मिलो रोज सकाळी खुर्ची तारेकडे तोंड करून ठेवायचा आणि वाट बघायचा. ती अकरा वर्षं ज्या जागी बसून त्याची वाट बघत होती तिथंच आता तो पाखराची वाट बघत बसला होता, आणि ते पाखरू तिच्या गळ्यातल्या पिशवीत होतं. एवढं जवळ. मला ते बघवेना. मी त्या घरी जायचं टाळायला लागले.

चार दिवसांनी तीच दुकानात आली. पिशवी काढून फळीवर ठेवली. "सोड तो दोरा."

मी दोरा उलगडला. पिसं चिकटून गेली होती, तांबडा रंग मात्र तसाच होता. तिनं बोटानं ते तुटकं पीस सरळ केलं आणि विचारलं, "तोमासा, तो नियम खरा होता?"

कोमाद्रे म्हणाली नाही, तोमासा म्हणाली. मला खोटं बोलता आलं नाही. "नाही. मी रचला. मला वाटलं, तू नाही म्हणशील."

ती मान हलवत राहिली. "आणि मला वाटलं, मी रुमाल उघडला की तू रडशील आणि म्हणशील, हे काय केलंस वेडे, मी उगाच बोलले. तू काहीच बोलली नाहीस. दोरा घेतलास. म्हणून मी समजले की खरंच असणार."

दोघी बसलो. बाजार ओरडत होता. मग तिनं पाखरू रुमालात घेतलं, घरी नेलं आणि एर्मिलो झोपलेला असताना मिर्तोच्या मुळाशी पुरलं. मी त्या दिवशी पेटी चुलीत घातली. बायकांनी शिव्या दिल्या. देऊ देत.

एर्मिलो ईस्टरच्या आधी गेला. शेवटच्या दिवशीही त्यानं खुर्ची बाहेर न्यायला लावली होती. "मार्च लागला," तो म्हणाला, "आता तर तो परत निघायची वेळ झाली. आपली चुकामूक झाली." देल्फिनानं त्याला काहीच सांगितलं नाही. तिनं त्याचे पाय घोंगडीत नीट गुंडाळले.

त्यानंतर तिनं बाटल्या उतरवल्या नाहीत. उलट दोन वाढवल्या. तीच चार वाट्या पाणी, एक वाटी साखर. पण पहाटे अंधारातच बाटल्या भरायची, टांगायची आणि खोलीत जाऊन अंगणाचं दार लावून घ्यायची. दिवसभर त्या बाजूला फिरकायची नाही. मी म्हटलं, "अगं, एवढं करतेस तर बघ तरी त्यांच्याकडे." ती म्हणाली, "मी बघितलेलं चालेल गं. त्यांनी मला बघायला नको."

मग मीच तिचे डोळे झाले. दुकान उघडायच्या आधी तिच्या अंगणात जाऊन बसायचे आणि दाराशी तोंड नेऊन सांगायचे, आज हिरवे सात आले, आज एक निळ्या गळ्याचा आला. आणि ऑक्टोबर उजाडला की ती आतून विचारायची, "पाहुणा आला?"

तो कुठून येणार? दुसराही कुणी तांबडा आला नाही. डोंगरावरची सारी पाखरं तर मीच त्या गर्दीच्या दिवसांत विकून खाल्ली होती. पण तिचा तो दारामागचा आवाज ऐकला की मला 'नाही' म्हणवायचं नाही. मी म्हणायचे, "आला गं आला! तारेवर बसलाय, हिरव्यांना हुसकतोय मेला." आत जरा वेळ शांत. मग ती म्हणायची, "बरं झालं. माझा नमस्कार सांग." चार ऑक्टोबर मी तिला हे सांगत आले. रोज काहीतरी नवं रचायचे. आज पावसात भिजला, आज माझ्या खांद्यापर्यंत आला.

पाचव्या ऑक्टोबरात तिनं अंथरूण धरलं. पोटाचं दुखणं, डॉक्टरांनी हात टेकले. मी सकाळी बाटल्या भरल्या, अंगणात बसले, आणि आत जाऊन तिच्या उशाशी वाकून म्हटलं, "कोमाद्रे, पाहुणा आला बरं का."

तिनं डोळे उघडले. हसली, अगदी पूर्वीसारखी. "तोमासा, त्याचे पंख वाजतात गं. तुला किती वेळा सांगितलं होतं. मी दारामागं कान लावूनच बसायची. पाच वर्षांत एकदाही वाजले नाहीत."

 मी खाटेच्या कडेला बसले. "मग तू बोलली का नाहीस? मला चार शिव्या घालायच्या होत्यास!"

"बोलले असते तर तू यायची थांबली असतीस," ती म्हणाली. तिनं माझा हात धरला. "तू रोज यायचीस."

त्याच आठवड्यात ती गेली. साखरेचं पोतं मी घरी आणलं नाही, तिच्याच स्वयंपाकघरात ठेवलंय. रोज पहाटे जाते, चार वाट्या पाणी, एक वाटी साखर, एक उकळी. अंगणाचं दार आता मी उघडं ठेवते. हिरवे येतात, भांडतात, पितात. पंख वाजले तरी मला ऐकू यायचे नाहीत, म्हणून एर्मिलोच्या खुर्चीत बसून तारेकडे बघत असते. आज ऑक्टोबरची सत्तावीस तारीख. अजून आलेला नाही.